एरिकचं बरोबर होतं: लहानपणचं ते कार्टून आणि टेबलावरचे फासे

अर्धवट नकाशा

कपाट आवरताना एक जुनी डबी हाती लागली. उघडण्याआधीच आतल्या आवाजावरून कळलं काय आहे ते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे सहा फासे. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचा एकेक. हे फासे यायचे तेव्हा आकडे कोरलेले असायचे, पण रंगवलेले नसायचे. खोक्यातच एक मेणखडू मिळायचा. तो पैलूवर दाबून घासायचा, मग कागदाने पुसायचं. वरचं मेण निघून जायचं आणि खाचेत भरलेलं तेवढं राहायचं. माझ्या वीसपैलूच्या सतरावर मेण अजून शाबूत आहे, विसावरचं पार गेलंय. तो आकडा बोटाने चाचपूनच वाचावा लागतो.

फासे सापडले म्हणून मग ते कार्टून पुन्हा बघायला घेतलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १७ सप्टेंबर १९८३ ला अमेरिकेत सीबीएसवर सुरू झालं, डिसेंबर १९८५ ला संपलं. तीन सीझन मिळून २७ भाग, सगळे बघितले. आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते: सहा मुलं जत्रेतल्या एका राइडमध्ये बसतात आणि थेट दुसऱ्याच जगात जाऊन पडतात. तिथे एक बुटका म्हातारा, म्हणजेच डंजन मास्टर, प्रत्येकाला एकेक जादूची वस्तू देतो. हँकला धनुष्य, डायनाला काठी, प्रेस्टोला टोपी, शीलाला अदृश्य करणारा झगा, धाकट्या बॉबीला सोटा आणि एरिकला ढाल. मग तो एक कोडं घालतो आणि गायब होतो. मुलं भागभर घरचा रस्ता शोधतात, आणि तो शेवटी हातातून निसटतो.

लहानपणी मला एरिक अजिबात आवडायचा नाही. सतत कुरकुर. या वेळी मात्र पहिल्या चार-पाच भागांतच माझं मत फिरलं. सहा जणांत एवढा एकच मुलगा असा आहे जो विचारतो, की तुला एवढं सगळं ठाऊक आहे तर सरळ का सांगत नाहीस? हा प्रश्न अगदी रास्त आहे! पण दर वेळी तो विचारतो आणि दर वेळी गोष्ट त्याला शिक्षा करते. तो पडतो, चिखलात लोळतो, एका भागात तर त्याचा दलदलीतला प्राणीच होतो. बाकीचे हसतात आणि पुढे चालू लागतात.

आता हे सगळं इथे का लिहिते आहे ते सांगते. कार्टून ज्यावरून आलं तो टेबलावरचा खेळ आमच्याकडे दादा चालवायचा, म्हणजे गोष्ट तो सांगायचा आणि आपलं पात्र काय करतं ते बाकीच्यांनी ठरवायचं. मी आणि त्याचे दोन मित्र खेळायचो. मी सगळ्यांत लहान, म्हणून माझ्या वाट्याला क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, आली. कोणालाच नको होती, कारण त्या जुन्या बेसिक नियमांत क्लेरिकला पहिल्या पातळीवर एकही मंत्र मिळत नाही. एकदा एका दारापाशी म्हातारा बसलेला होता आणि त्याने कोडं घातलं. दोघं मित्र डोकं खाजवत बसले. मी म्हटलं, "मला कोडं सोडवायचं नाही. त्याला विचारायचंय, तुला इथे कोणी बसवलं?"

दादाने हातातल्या पुस्तकात पाहिलं. पान उलटून पुढे पाहिलं. उत्तर तिथे नव्हतं. त्याने ते पुस्तक मिटलं, पेन्सिल उचलली, थोडा वेळ नुसता बसला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नाही, पोरी."

तो म्हातारा कैदी निघाला. पुढचे तीन रविवार आम्ही त्यालाच सोडवत होतो. हेच मी कार्टूनमध्ये विचारलं असतं तर चिखलात पडले असते. तुमच्यापैकी कोणाला असं काही आठवतंय का?

तळघरवासी

मस्त धागा! क्लेरिकचं वाचून गलबललो, माझ्याकडेही तीच होती.

पण एरिकबद्दल पूर्ण सहमत नाही. प्रश्न विचारणं वेगळं आणि प्रत्येक मोहिमेआधी "मी येणार नाही" म्हणून पाय आपटणं वेगळं. जीव धोक्यात असताना असा माणूस बरोबर असणं जड जातं. बाकीची मुलंही घाबरलेली असतातच की. शीलाला एकटं राहण्याची भीती वाटते, तरी ती चालते. मालिकेने धीर धरणाऱ्यांची बाजू घेतली तर त्यात मला वावगं वाटत नाही.

रात्रपाळी

तळघरवासी, एरिक तसा का आहे याचं कारण नोंदलेलं आहे. ही मालिका उभी करण्यात मार्क इव्हॅनियर यांचा मोठा हात होता. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. त्या काळात मुलांच्या कार्यक्रमांवर पालकांच्या गटांचं आणि वाहिन्यांनी नेमलेल्या सल्लागारांचं दडपण होतं, की यातून मुलांना 'चांगलं वळण' लागलं पाहिजे. वळण कुठलं, तर चौघांत मिळूनमिसळून राहावं, गट म्हणेल ते बरोबर आणि तक्रार करणारा नेहमी चूक. एरिक त्यासाठीच घडवला गेला. इव्हॅनियर यांना स्वतःला ही शिकवण मुळीच पटत नव्हती. मुलांना स्वतःचा विचार करायला शिकवायचं सोडून आपण उलटंच शिकवतोय, असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे नकाशाताईंना चाळीस वर्षांनी जे खटकलं, ते लिहिणाऱ्याला तेव्हाच खटकत होतं.

तळघरवासी

हे माहीत नव्हतं. मग मला पुन्हा बघायला हवं.

अर्धवट नकाशा

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला इतके दिवस वाटत होतं की मीच ओढूनताणून अर्थ काढतेय.

तळघरवासी, पुन्हा बघाल तर दुसऱ्या सीझनमधला तो भाग बघा, ज्यात डंजन मास्टर वैतागून आपली सगळी शक्ती एरिकच्याच हाती देतो. आधी तो गोंधळ घालतो. नंतर जमायला लागतं. आणि घरी जायचं दार उघडता येतं तेव्हा पहिलं काम काय करतो? बाकीच्या सगळ्यांना घरी पाठवतो आणि खलनायक व्हेंजरला अडवायला स्वतः मागे थांबतो. ते पाचही जण घरी पोचलेले असताना त्याच्यासाठी परत येतात. लेखकांना त्याचं मोल कळत होतं, हे तिथे दिसतं.

चौपैलू

मी या खेळात फार उशिरा आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून, तेही ऑनलाइन. आमच्यात कोणीच कोणाला प्रत्यक्ष भेटलेलं नाही. कार्टून बघितलं ते २०२३ च्या चित्रपटात त्या सहा मुलांचे कपडे घातलेली टोळी क्षणभर दिसते म्हणून. चक्रव्यूहाच्या खेळाचा प्रसंग आहे तो. माझ्या गटातले मोठे लोक एकदम ओरडले आणि मला काहीच कळेना.

मालिका आज संथ वाटते हे कबूल करते. पण पाच तोंडांची ड्रॅगन टियामॅट येते तेव्हा अजूनही धडकी भरते. खलनायक व्हेंजरच तिला घाबरतो, हे मला फार आवडलं. त्या मुलांच्या भांडणापेक्षा खूप मोठं काहीतरी त्या जगात आहे असं वाटतं.

एक विचारायचंय. तुम्ही सगळे 'जुने बेसिक नियम' म्हणता, ते नक्की कुठले?

ढालकरी

चौपैलू, सांगतो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा लांबेल.

मूळ खेळ १९७४ चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हाचे. आधी हे सगळे सैन्याच्या छोट्या पुतळ्यांनी लढाया खेळणारे लोक. एका खेळाडूकडे अख्खी फौज असायची. आर्नेसननी आपल्या 'ब्लॅकमूर'च्या खेळात एका खेळाडूला एकच माणूस दिला आणि तो माणूस पुढच्या डावातही तोच राहील असं ठरवलं. मला विचाराल तर सगळी जादू तिथे आहे. फौज हरली तर तुम्ही पुन्हा मांडता. माणूस मेला तर त्याचं नाव आठवत राहतं.

बेसिक म्हणजे नवख्यांसाठी काढलेले खोके. पहिलं १९७७ चं, मग १९८१ चं, मग १९८३ चं लाल खोकं. मेणखडू या शेवटच्या दोघांत होता. त्याआधी एक वेळ अशी आली होती की फाशांचा तुटवडा पडला आणि खोक्यात फासे नाहीच, आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या गेल्या. त्या कापायच्या, पेल्यात टाकायच्या आणि चिठ्ठीसारख्या काढायच्या.

लाल खोक्यात पहिलीच गोष्ट एकट्याने खेळायची होती. तुम्ही लढवय्ये, गुहेत शिरता, तिथे अलीना नावाची क्लेरिक भेटते. ती तुमच्याशी प्रेमाने बोलते, जखमा बऱ्या करते, देवळाबद्दल, मंत्रांबद्दल समजावून सांगते. म्हणजे प्रत्यक्षात नियमच शिकवत असते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाचा मांत्रिक तिला तुमच्यासमोर मारतो. मी ते पान वाचून खोकं बंद करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी ती वाचेल या आशेने. ती वाचत नाही. इतक्या वर्षांत मी जेवढे डाव चालवले, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात कुठल्यातरी वळणावर बार्गलला गाठायची सोय करून ठेवली आहे.

नकाशाताईंच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट. त्या जुन्या नियमांत 'कॉलर' नावाची भूमिका होती. सगळ्यांनी आपसात ठरवायचं आणि एकाने डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, सांगायचं, की आम्ही डावीकडे वळतो. म्हणजे गटाचा एकच आवाज! शिवाय एक जण चौकटीच्या कागदावर नकाशा काढणारा, एक चौकट म्हणजे दहा फूट. नकाशावाला टिकला. कॉलर मात्र मी खेळलेल्या एकाही टेबलावर तासाभरापेक्षा जास्त टिकला नाही. कोणीतरी मध्येच म्हणायचंच, "थांबा, मी नाही वळत. मी दाराला कान लावतो." आणि एकदा का डीएमने त्या एकट्याला उत्तर दिलं, की संपलं. मग प्रत्येकाला विचारावं लागतं, तू काय करतोस?

कंदील

अलीना!! इतक्या वर्षांनी हे नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकतेय.

चौपैलू

ढालकरी, मनापासून आभार. खाचेत मेण भरायचं हे मला आधी फोटोशिवाय समजतच नव्हतं. आता माझ्या एका फाशाचा रंग उडालाय, त्यावर करून बघते.

पिशवीतला राक्षस

कार्टूनचा विषय निघालाच आहे तर खेळण्यांचाही काढतो, कारण ही गोष्ट माझी फार लाडकी आहे.

खेळातला रस्ट मॉन्स्टर माहीत आहे ना? लोखंडाला स्पर्श केला की त्याचा गंज करतो तो. शेपटीला पंख्याच्या पात्यांसारखं काहीतरी असलेला. तो आणि आउलबेअर, बुलेट हे आणखी दोन राक्षस, असे तिघंही स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून आलेत. 'प्रागैतिहासिक प्राणी' म्हणून हाँगकाँगमध्ये बनवलेली ती पिशवी. त्यात डायनोसोर तर होतेच, पण काही प्राणी असे होते की जगात कधी नव्हतेच. गायगॅक्सनी ती टेबलावर राक्षस म्हणून वापरली आणि मग त्यांना नावं, ताकद, सवयी मिळाल्या.

लहान मूल खेळणं हातात घेऊन विचारतं, हा काय खातो? तसाच हा प्रश्न मोठ्या माणसांनी विचारला आणि उत्तर लिहून ठेवलं. पात्यांची शेपटी असलेला प्राणी लोखंड खातो! चिलखत घालून मिरवणारा खेळाडू त्याला ड्रॅगनपेक्षा जास्त घाबरतो, कारण ड्रॅगन जीव घेईल, हा तर जन्मभर जमवलेली तलवार घेईल.

तळघरवासी

त्याच काळात ही-मॅन होता की. तो मी जास्त पाहिला. १३० भाग होते आणि तीच ती धावण्याची, तोच तो ठोसा मारण्याची दृश्यं परत परत वापरलेली असायची, तरी आम्हाला काही फरक पडायचा नाही. शेवटी एक पात्र पडद्यासमोर येऊन बोध सांगायचं. त्या बोधातला एकही मला आठवत नाही. तलवार वर करून म्हटलेलं वाक्य तेवढं आठवतं.

असो. तो एरिकचा भाग पाहिला. तो मागे थांबतो तिथे मी व्हिडिओ थांबवून थोडा वेळ तसाच बसलो. माझं मत मागे घेतो.

कंदील

मला शेवटाबद्दल बोलायचंय. मालिका अर्धवट तोडली गेली, मुलं घरी गेलीच नाहीत. आमच्यात अशी अफवा होती की राइडच्या अपघातात मुलं मेलेलीच असतात आणि ते जग म्हणजे नरक. एक वर्ष मी ते खरं मानून झोपायला घाबरत होते. हे कुठून आलं?

रात्रपाळी

कंदील, ही अफवा फार पसरली. ब्राझीलमध्ये हे कार्टून प्रचंड लोकप्रिय होतं, तिथे तर विशेष. ती खोटी आहे. मालिकेचे एक प्रमुख लेखक मायकेल रीव्ह्ज (२०२३ मध्ये गेले) यांनी ती स्पष्टपणे नाकारली होती. शेवटच्या भागाची संहिता त्यांनीच लिहिली होती, 'रेक्विएम' नावाची. ती चित्रित झालीच नाही. पुढे त्यांनी ती लोकांना वाचायला खुली केली आणि २००६ च्या डीव्हीडी संचात ती नभोनाट्यासारखी ध्वनिमुद्रित करून दिली आहे.

त्यात व्हेंजर मुलांना घरी जायचं आमिष दाखवतो, आणि जावं की नाही यावरून गटात फूट पडते. व्हेंजर हा डंजन मास्टरचा मुलगा आहे हे उघड होतं आणि तो दुष्टपणातून सुटतो. शेवटी मुलांसमोर घरचं दार खुलं असतं. वाटलं तर जा, वाटलं तर राहा. ती काय निवडतात ते संहितेत सांगितलेलं नाही.

कंदील

म्हणजे ती जिवंत होती. आज हे वाचून बरं वाटलं, खरंच.

पण मग शेवटी पण सांगितलं नाहीच?

ढालकरी

नाही सांगितलं. आणि मला तेच योग्य वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलांना कोणीतरी कोडं न घालता विचारलं, तुम्ही काय करता? हे वाक्य प्रत्येक डीएमच्या तोंडी असतं. तिथे लेखकाने फासे खाली ठेवले.

अर्धवट नकाशा

ढालकरी, तुमचा हा प्रतिसाद वाचून मी एक ठरवलं. भाचा आणि भाची सुट्टीला आले आहेत, बरोबर त्यांचे दोन मित्र. 'रेक्विएम'चा शेवट त्यांच्याबरोबर खेळायचा. जुने बेसिक नियम, मेणखडूचे फासे. कार्टूनमधले कॅव्हेलियर (एरिक) आणि अॅक्रोबॅट (डायना) हे पात्रांचे प्रकार बेसिकमध्ये नाहीत, तेव्हा एरिकला आणि डायनाला लढवय्ये करते. कोणी काही सुचवणार असाल तर आजच सुचवा.

ढालकरी

दोनच गोष्टी. एक, दार नक्की कसं आहे ते आधी स्वतः पक्कं करून ठेवा. उंची, कशाचं आहे, कुठल्या बाजूला उघडतं. मुलं तेच विचारतात. दुसरं, त्यांनी ठरवल्यावर लगेच फासा टाकायला लावू नका. जिथे दोन्ही परिणाम तुम्हाला चालणार असतील तिथेच फासा.

चौपैलू

आणि काय झालं ते इथे लिहाच, ताई.

अर्धवट नकाशा

काल खेळलो. चार तास. मध्ये खायलासुद्धा कोणी उठलं नाही.

एरिक भाचीने घेतला. मी काही सांगितलं नव्हतं. तिला ढालीचं चित्र आवडलं म्हणून. आवडलेल्या पात्राचा कागद तिने आधी अर्धा तास नुसता रंगवला.

व्हेंजरपर्यंतचं सगळं सांगत बसत नाही. शेवटी दार उघडलं. दगडी चौकट, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी रुंद, पलीकडे जत्रेचे दिवे आणि त्या राइडचा आवाज. मी विचारलं, तुम्ही काय करता? चौघं एकमेकांकडे बघायला लागले. भाच्याच्या बॉबीला घरी जायचं होतं, पण त्याच्या लाडक्या युनिकॉर्नला, त्या शिंगवाल्या शिंगराला, सोडून नाही. शीला त्याच्याशिवाय हलणार नव्हती. प्रेस्टो चालवणारा मुलगा म्हणाला मी इथेच राहणार, इथे माझी टोपी चालते. आवाज चढले. भाचा जवळजवळ रडकुंडीला आला. मी बोलणार होते, पण गप्प बसले. दादा तेव्हा बसला होता तशी.

मग भाचीने विचारलं, "मावशी, हे दार आपोआप बंद होणार आहे का?"

मी म्हटलं, हो, होणार आहे.

"कुठल्या बाजूला?"

ढालकरी, तुमची आठवण झाली. मी ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, आतल्या बाजूला, तुमच्याकडे.

"मग मी ढाल मध्ये घालते. जादूची आहे ना, मोडणार नाही. ज्याला जायचं त्याने जा. ज्याला परत यायचं त्याने या."

मी फासा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. दार ढालीवर येऊन अडलं.

तळघरवासी

आज सकाळपासून हेच वाचतोय.

एक शंका. आता तिच्या एरिककडे ढाल उरली नाही. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, बदललात का?

अर्धवट नकाशा

हो. जुन्या नियमात ढालीचा एक, आणि आकडा कमी तेवढा बचाव चांगला. तिचा २ होता, त्याचा ३ झाला. मी सांगायच्या आधीच तिने रबर मागितलं आणि स्वतः खोडून लिहिला.